सात फुटी हट्ट

सिव्हिलवाल्यांना ब्रुनेल हे नाव नवं नाही. मेकॅनिकलवाल्यांनो, तो तुमचाही तेवढाच आहे! इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल, जन्म १८०६, पोर्ट्समथ. वडीलही नावाजलेले इंजिनिअर. त्यांच्या हाताखाली थेम्स नदीखालचा बोगदा खणताना १८२८ साली पाणी आत घुसलं, त्यातून हा जेमतेम वाचला.

१८३३ मध्ये लंडन ते ब्रिस्टल या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं काम हाती आलं तेव्हा वय फक्त २६. म्हणजे आपल्या एम.ई.च्या पोरांएवढं! तेव्हा इंग्लंडात स्टीफन्सनचं ४ फूट साडेआठ इंचांचं गेज रुळलं होतं. ते खाणीतल्या कोळशाच्या वाघिणींवरून आलेलं. ब्रुनेलने ते बाजूला ठेवून थेट ७ फूट घेतलं. रूळ रुंद, गाडी स्थिर, वेग जास्त. हिशोब चोख होता. १८४५ मध्ये नेमलेल्या गेज कमिशनच्या चाचण्यांत त्याचीच इंजिनं सरस ठरली.

आणि तरीही तो हरला. कारण अरुंद गेजचे रूळ सुमारे १९०० मैल पसरले होते, याचे जेमतेम २७४. ग्लॉस्टरला दोन्ही गेज भेटत. तिथे प्रवाशांनी गाडी बदलायची, मालही एका वाघिणीतून दुसरीत हलवायचा. सरकत्या आसाच्या चाकांची कल्पनाही कमिशनसमोर आली, पण पटली नाही. १८४६ च्या कायद्याने नव्या मार्गांना साधारणपणे अरुंद गेजच ठरलं. ब्रुनेल १८५९ मध्ये, ५३ व्या वर्षी गेला. त्याचे शेवटचे रुंद रूळ मे १८९२ मध्ये दोन दिवसांत बदलले गेले.

सरकती चाकं मात्र पुढे खरी झाली. स्पेनच्या टॅल्गो गाडीत डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आस नसतो. गाडी हळूहळू खास रुळांवरून जाते, चाकांवरचा भार उचलला जातो, खिट्ट्या सुटतात, चाकं आत-बाहेर सरकून पुन्हा पक्की होतात. १९६९ पासून बार्सिलोना-जिनिव्हा गाडी अशीच गेज बदलून धावू लागली. प्रवाशाला जागेवरून उठायलाही नको!

आपण मात्र १९९२ मध्ये युनिगेज योजना आखून रूळच बदलायला घेतले. मनमाडची मीटर गेज-ब्रॉड गेज बदलाबदली आठवणारे आजही भेटतील.

मला ब्रुनेल आवडतो, पण फायनल इयरचं प्रोजेक्ट निवडताना एक प्रश्न त्याच्यामुळेच आधी विचारावासा वाटतो: आपलं डिझाइन भारी आहे हे ठीक, पण ते शेजाऱ्याच्या डिझाइनला जोडता येईल का?