सात हजार रुपयांचे कर्ज

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी कै. खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे तांबडी माती घरचीच. टिळक हायस्कूलचे शिक्षण संपवून खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. अंगकाठी लहान म्हणून कॉलेजच्या कुस्त्यांत त्यांचे नाव घ्यायला क्रीडाशिक्षक तयार होईनात. तेव्हा त्यांनी सरळ प्राचार्य खर्डेकरांना गाठले. परवानगी मिळाली आणि त्यांनी आपल्याहून थोराड गडी चीत केले! बाबूराव बलावडे व बेलापुरी गुरुजी हे त्यांचे वस्ताद.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेला हा मल्ल तिथे गादीवर खेळला आणि सहावा आला.

पुढचे ऑलिंपिक १९५२ चे, हेलसिंकीचे. निवड झाली, पण प्रवासखर्चाचे काय? गोळेश्वरकरांनी वर्गणी काढली, आणि खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी तारण आणि परतफेडीची ऐपत पाहायला शिकतो. इथे तारण प्राचार्यांचे घर आणि ऐपत म्हणजे एका पोराचे मनगट! कोणत्या बँकेने हा व्यवहार शहाणपणाचा म्हटला असता?

हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको व जर्मनीचे मल्ल त्यांनी हरवले. जपानच्या इशीईशी मात्र दीर्घ झुंजीनंतर हार झाली. लगेच सोव्हिएत मल्लाशी कुस्ती लावण्यात आली. नियमाप्रमाणे मधे अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती, पण ती मागायला एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता. तरीही ब्राँझपदक मिळाले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडले.

गावी १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मला मात्र त्यापुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि त्या पैशांतून गुरुजींचे घर सोडवले.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. तिथे खेळले, खेळाडूंना शिकवलेही. असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाल्यावर थोड्याच काळात, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरील अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा. तो घ्यायला खाशाबा नव्हते.