धर्म सुटला, पुढे काय? बारूख स्पिनोझाचे आयुष्य

२७ जुलै १६५६ रोजी ॲमस्टरडॅम शहरात, हाउटग्राख्त कालव्याकाठच्या यहुदी प्रार्थनागृहात पोर्तुगीज भाषेतला एक ठराव वाचून दाखवण्यात आला. समाजाने बारूख स्पिनोझा या तेवीस वर्षांच्या तरुणाला वाळीत टाकले होते. त्याच्याशी कोणी बोलायचे नाही, पत्र लिहायचे नाही, त्याला मदत करायची नाही, तो असेल त्या छपराखाली थांबायचे नाही, त्याच्या चार हातांच्या आत जायचे नाही आणि त्याने लिहिलेले काही वाचायचे नाही. यहुदी परंपरेत या शिक्षेला हेरेम म्हणतात. आपल्या समाजाला ही शिक्षा समजावून सांगावी लागत नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली संस्था काढली तिचे नाव बहिष्कृत हितकारिणी सभा आणि १९२७ साली पाक्षिक काढले त्याचे नाव बहिष्कृत भारत. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंगाला ठाऊक होते.

स्पिनोझाची गोष्ट मात्र एका बाबतीत वेगळी आहे. त्याच्यावर बहिष्कार घालणारे लोक स्वतःच पिढ्यानपिढ्या छळलेले होते. समाजशास्त्र शिकताना आणि नंतर वस्त्यांमधून काम करताना मला हा मुद्दा पुन्हा पुन्हा महत्त्वाचा वाटत आला आहे. म्हणून त्याचे आयुष्य इथे थोडे सविस्तर सांगते.

स्पेनने १४९२ साली यहुदींना देशाबाहेर काढले. पोर्तुगालने १४९७ साली त्यांना सक्तीने ख्रिस्ती केले. पुढे तिथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारी न्यायसभा आली. वरून ख्रिस्ती आणि घरात लपून यहुदी राहणाऱ्यांना तिथे तुरुंगवास, छळ आणि जिवंत जाळण्याची शिक्षाही भोगावी लागली. यातली बरीच कुटुंबे पळून हॉलंडला आली. स्पिनोझाचे वडील मिगेल हे पोर्तुगालमध्येच जन्मलेले. ॲमस्टरडॅममध्ये या लोकांना उघडपणे यहुदी म्हणून जगता आले. शहराने राहू दिले, पण अटीही घातल्या. ख्रिस्ती धर्माविरुद्ध बोलायचे नाही, ही त्यातली एक. आपल्यातला एखादा जरी देवाधर्माविरुद्ध बोलला तर सगळ्यांचा आसरा जाईल, ही भीती समाजाच्या पुढाऱ्यांच्या मनात कायम असे. त्यामुळे समाजाचे कारभारी मंडळ आपल्याच माणसांवर कडक नजर ठेवत होते.

अशा समाजात २४ नोव्हेंबर १६३२ रोजी स्पिनोझाचा जन्म झाला. बारूख या हिब्रू नावाचा अर्थ आशीर्वाद लाभलेला. घरी त्याला पोर्तुगीजमध्ये बेंटो म्हणत. पुढे लॅटिनमध्ये तो बेनेडिक्टस झाला. तिन्हींचा अर्थ एकच. तो सहाएक वर्षांचा असताना आई गेली. समाजाच्या शाळेत त्याने हिब्रू आणि धर्मग्रंथांचा चांगला अभ्यास केला.

तो लहान असतानाच, १६४० साली, त्याच समाजात उरिएल द कोस्टाचे प्रकरण घडले. आत्म्याच्या अमरत्वावर आणि रूढींवर प्रश्न विचारल्याबद्दल द कोस्टाला वाळीत टाकले होते. एकटेपण सहन न होऊन त्याने माफी मागितली. प्रार्थनागृहात सर्वांसमोर त्याला चाबकाचे ३९ फटके मारले, मग उंबऱ्यावर आडवे पाडले आणि लोक त्याला ओलांडून बाहेर गेले. त्यानंतर त्याने आत्महत्या केली. स्पिनोझा तेव्हा सात वर्षांचा होता. प्रश्न विचारणाऱ्याचे काय होते, हे त्या वस्तीतल्या प्रत्येक मुलाला कळले असणार.

मोठा भाऊ वारल्यावर स्पिनोझाला वडिलांच्या व्यापारात लक्ष घालावे लागले. १६५४ साली वडीलही गेले. धंद्यावर कर्ज होते. गाब्रिएल या भावाबरोबर त्याने काही काळ पेढी चालवली. बाजारात त्याची वेगळ्या विचारांच्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांशी ओळख झाली. फ्रान्सिस्कस व्हान डेन एंडन नावाच्या, पूर्वी जेझुइट असलेल्या मुक्त विचारांच्या शिक्षकाकडे तो लॅटिन शिकला. त्या काळी युरोपात विज्ञान आणि तत्त्वज्ञान लॅटिनमध्ये चाले. ती भाषा आली आणि त्याला वस्तीबाहेरचे जग खुले झाले.

बहिष्काराच्या ठरावात त्याची नेमकी मते लिहिलेली नाहीत. वाईट मते आणि वाईट कृत्ये एवढाच मोघम आरोप आहे. पुढच्या लिखाणावरून अंदाज बांधता येतो. धर्मग्रंथ देवाने सांगितलेला नाही, माणसासारखा राग-लोभ असणारा देव नाही, मेल्यावर बक्षीस किंवा शिक्षा मिळत नाही, असे तो म्हणू लागला असावा. त्या समाजातले बहुतेक बहिष्कार माफी मागून, दंड भरून मिटत. स्पिनोझाने माफी मागितली नाही. त्याच्यावरचा बहिष्कार कधीच उठला नाही.

आता खरा प्रश्न सुरू होतो. तेवीस वर्षांच्या माणसाचे घर, पेढी, नातेवाईक, सण, लग्नाची शक्यता, मेल्यावरची जागा, सगळे एका दिवसात गेले. त्या काळी माणसाची ओळख धर्मावरून ठरे. एक धर्म सोडला तर दुसरा घ्यायचा, अशीच रीत होती. स्पिनोझाने ख्रिस्ती धर्मही घेतला नाही. तो शेवटपर्यंत कुठल्याच धर्माचा सभासद झाला नाही. मग त्याने आयुष्य कशावर उभे केले?

पहिली गोष्ट म्हणजे हातातले काम. तो भिंगे घासायला शिकला. दुर्बिणीची आणि सूक्ष्मदर्शकाची भिंगे तेव्हा हाताने घासून तयार होत. काम चिकाटीचे आणि बारीक. ख्रिस्तियान हॉयगेन्ससारख्या मोठ्या शास्त्रज्ञानेही त्याच्या भिंगांची तारीफ केली. दुसरी गोष्ट मित्र. यारिख येलेस हा व्यापारी, सायमन डी व्रीस, यान रिउवर्ट्स हा पुस्तकविक्रेता आणि प्रकाशक, अशी मंडळी त्याच्याभोवती जमली. त्यांच्यातले काही जण पाद्र्याशिवाय एकत्र बसून धर्मचर्चा करणाऱ्या ख्रिस्ती गटांतले होते. १६६१ च्या सुमारास तो लायडनजवळच्या राइन्सबर्ग गावी राहायला गेला, ते या लोकांचेच ठिकाण. पुढे व्हूरबर्ग आणि शेवटी द हेग. सगळीकडे भाड्याच्या खोल्या. सायमन डी व्रीसने त्याला मोठी रक्कम देऊ केली तेव्हा त्याने ती नाकारली. सायमनच्या मृत्यूनंतर त्याच्या भावाने वर्षाला ५०० गिल्डर द्यायचे ठरवले, त्यातले ३०० च त्याने घेतले, असे त्याच्या जुन्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे.

तिसरी गोष्ट विचार. आपल्या एका सुरुवातीच्या, अपुऱ्या राहिलेल्या पुस्तकात तो सांगतो की लोक ज्यांच्यामागे धावतात ती संपत्ती, मानमरातब आणि इंद्रियसुखे मनाला स्थिर करू शकत नाहीत, म्हणून टिकाऊ कल्याण कशात आहे हे शोधायचे त्याने ठरवले. धम्माच्या वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल.

धर्मावर प्रश्न विचारणारे बरेच जण पुढे नव्या तत्त्वज्ञानाचे भक्त होतात. स्पिनोझाने ते केले नाही. त्या काळचे नवे तत्त्वज्ञान म्हणजे रने देकार्त. स्पिनोझाने १६६३ साली देकार्तच्या तत्त्वज्ञानावर पुस्तक लिहिले. हयातीत त्याच्या स्वतःच्या नावाने छापलेले हे एकच पुस्तक. देकार्तकडून तो खूप शिकला, पण त्याची दोन मते त्याने नाकारली. मन आणि शरीर ही दोन वेगळी द्रव्ये आहेत हे एक. माणसाची इच्छा कारणांपासून मोकळी आहे हे दुसरे. स्पिनोझाच्या मते निसर्गात कारणाशिवाय काही घडत नाही आणि माणूस निसर्गाच्या बाहेर नाही. आपण काय करतो ते आपल्याला कळते, का करतो ते कळत नाही, म्हणून आपण स्वतःला स्वतंत्र समजतो.

१६७० साली त्याचा धर्म आणि राज्य यांवरचा ग्रंथ निनावी निघाला. छापला ॲमस्टरडॅममध्ये, पण मुखपृष्ठावर हॅम्बर्ग आणि खोट्या प्रकाशकाचे नाव. इतर जुन्या कागदपत्रांसारखे बायबलही इतिहास आणि भाषा पाहून वाचावे, ते अनेकांनी वेगवेगळ्या काळात लिहिले आहे आणि विचारस्वातंत्र्य दिल्याने राज्याची शांतता धोक्यात येत नाही, उलट ते काढून घेतल्याने येते, असे त्याने मांडले. १६७४ साली हॉलंडच्या न्यायालयाने त्यावर बंदी घातली.

तो सावध होता, याला कारण होते. आद्रियान कूरबाख या त्याच्या मित्राने असेच विचार सामान्य लोकांच्या डच भाषेत छापले. त्याला अटक झाली आणि १६६९ साली तो तुरुंगात मेला. स्पिनोझा लॅटिनमध्येच लिहीत राहिला आणि आपल्या ग्रंथाचे डच भाषांतर छापू नका असे त्याने मित्रांना कळवले. त्याच्या मुद्रेवरच्या शब्दाचा अर्थ होता सांभाळून. पण सांभाळून राहणे म्हणजे विकले जाणे नव्हे. १६७३ साली हायडेलबर्ग विद्यापीठात प्राध्यापकपद चालून आले. अट एवढीच, की प्रस्थापित धर्माला धक्का लागेल असे काही करायचे नाही. त्याने नम्रपणे नकार दिला. त्याआधीच्या वर्षी द हेगमध्ये जमावाने यान डी विट या नेत्याला आणि त्याच्या भावाला ठेचून मारले, तेव्हा हा शांत माणूस जमावाचा निषेध करणारा फलक घेऊन रस्त्यावर निघाला होता आणि घरमालकाने दार लावून त्याला अडवले, अशी हकिगत लायबनिझने नोंदवली आहे.

घरमालकाचे कुटुंब भाविक होते. घरमालकिणीने एकदा विचारले, माझ्या धर्माने माझे भले होईल का? त्याने तिचा विश्वास मोडला नाही. शांत आणि सदाचारी जगत असाल तर दुसरे काही शोधायची गरज नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले. स्वतः धर्म सोडलेल्या माणसाला दुसऱ्याचा धर्म हिसकावून घ्यायची घाई नव्हती.

२१ फेब्रुवारी १६७७ रोजी, रविवारी, घरचे लोक चर्चमध्ये गेले असताना फुप्फुसाच्या आजाराने तो गेला. वय ४४. काचेच्या भुकटीने दुखणे वाढले असावे असे अनेकांना वाटते. मागे राहिली १६० च्या आसपास पुस्तके, थोडे सामान आणि हस्तलिखितांनी भरलेले टेबल. घरमालकाने ते टेबल रिउवर्ट्सकडे पाठवले आणि त्याच वर्षी एथिक्स हा त्याचा मुख्य ग्रंथ छापून निघाला. पुढच्याच वर्षी त्यावरही बंदी आली.

एथिक्समध्ये देव आणि निसर्ग एकच आहेत. प्रार्थना ऐकणारा, चमत्कार करणारा कोणी नाही. द्वेष, भीती, मत्सर यांना कारणे असतात आणि ती स्पष्ट समजली की त्यांची पकड सैल होते. कार्यकारणभावाची ही दृष्टी प्रतीत्यसमुत्पादाच्या जवळ जाते. पण फरकही आहे. स्पिनोझा सगळ्याच्या मुळाशी एक नित्य द्रव्य मानतो. बुद्ध असे कुठलेही नित्य तत्त्व मानत नाहीत. स्पिनोझाला बौद्ध ठरवण्याचा उत्साह म्हणूनच बरा नाही.

आणखी एक फरक आपल्या दृष्टीने मोठा आहे. स्पिनोझा एकटा बाहेर पडला. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, २१ वर्षे अभ्यास केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांसह धम्म स्वीकारला. ॲमस्टरडॅमच्या त्या ठरावाला तेव्हा तीनशे वर्षे झाली होती. जुना धर्म सोडणाऱ्यांना राहायला नवे घर असले पाहिजे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. लग्न कसे लावायचे, मयताला काय म्हणायचे, पोरांना काय शिकवायचे, या प्रश्नांची उत्तरे लोकांना लागतात. स्पिनोझाला ती मूठभर मित्रांत शोधावी लागली. आपल्याला विहार मिळाला, संघ मिळाला.

मग जबाबदारीही आपलीच. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जातपंचायती आणि गावकीच्या बहिष्काराविरुद्ध तो वापरायलाच हवा. पण घरातल्या आणि वस्तीतल्या अबोल्याला कुठलेही कलम लागत नाही. विहारातल्या कार्यक्रमाच्या खर्चावर प्रश्न विचारणारी मुलगी, कुठल्याच मूर्तीपुढे हात न जोडणारा मुलगा, बाहेर लग्न करणारी पुतणी, यांना आपल्याकडेही समाजद्रोही म्हटले जाते. कारण तेच सांगितले जाते: बाहेरचे टपून बसलेत, अशा वेळी आपल्यात फूट नको. ॲमस्टरडॅमच्या पुढाऱ्यांची भीतीही खोटी नव्हती. त्यांचा छळ खरा होता. तरीही त्या भीतीपोटी त्यांनी आपल्यातला सर्वांत बुद्धिमान तरुण गमावला. २०१५ साली त्याच समाजात तो बहिष्कार उठवावा का यावर जाहीर चर्चा झाली, तेव्हाही तो उठवला गेला नाही. घाईत काढलेला ठराव साडेतीनशे वर्षे मागे घेता येत नाही.

कालामांना बुद्धांनी ऐकीव गोष्टींवर, परंपरेवर, ग्रंथांवर, गुरूंवर डोळे झाकून विसंबू नका असे सांगितले, हे आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. तो उपदेश आपल्या घरातल्या पोरांनाही लागू आहे. ती प्रश्न विचारतील तेव्हा त्यांच्यासाठी घराचे दार उघडे आणि ताटात जेवण असले, तर त्यांना एकट्याने खोली भाड्याने घेऊन भिंगे घासत बसावे लागणार नाही.