प्राध्यापक घडविणारे आचार्य : प्रफुल्लचंद्र राय

बंगालचे विख्यात रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय ह्यांचे नाव आमच्या वाचकांस अपरिचित नसेल. ‘बेंगॉल केमिकल’ कारखान्याचे संस्थापक व प्राचीन हिंदू रसायनविद्येचे इतिहासकार म्हणून त्यांची कीर्ती आहेच. परंतु जन्मभर त्यांनी सर्वांत अधिक निष्ठेने जे कार्य केले, ते विज्ञानाचे प्राध्यापक तयार करण्याचे होय. आमचे स्वतःचे आयुष्य शाळेत मुले शिकविण्यात गेले असल्यामुळे ह्या थोर पुरुषाच्या चरित्रातील हीच बाजू आम्हांस विशेष जवळची वाटते.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी राडुली ह्या गावी झाला. हे गाव आज बांगलादेशातील खुलना जिल्ह्यात आहे. १८८२ साली त्यांना विलायतेत शिकण्यासाठी गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळाली. त्या वर्षीचे दुसरे मानकरी मुंबईचे एक पारशी विद्यार्थी होते. एडिंबरो विद्यापीठात प्राध्यापक क्रम ब्राउन ह्यांच्यापाशी त्यांनी रसायनशास्त्राचे अध्ययन केले व १८८७ साली डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी संपादन केली.

१८८८ साली ते स्वदेशी परतले, तेव्हा एवढ्या विद्वानास जवळजवळ वर्षभर नोकरी नव्हती. त्या काळात मित्रवर्य जगदीशचंद्र बोस ह्यांच्या घरी त्यांना आसरा मिळाला. अखेर १८८९ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांवर तात्पुरती नेमणूक झाली. वरिष्ठ शिक्षणसेवेच्या जागा बहुतेक गोऱ्यांच्याच वाट्याला जात. ह्या अन्यायाची तक्रार घेऊन ते शिक्षणखात्याच्या प्रमुखांकडे गेले असता, ही नोकरी पत्करण्याची सक्ती कोणी केलेली नाही, इतर मार्ग मोकळे आहेत, अशा आशयाचे उत्तर मिळाले. हा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. तथापि त्यांनी वर्ग सोडला नाही. देशात विज्ञान शिकविणारी आपली माणसेच नसतील, तर वरच्या जागा मागावयाच्या कोणासाठी, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता असे आम्हांस वाटते.

विद्वत्ता असली म्हणजे शिकविता येतेच असे नाही, हे त्यांनी आरंभीच ओळखले. त्यांचे वरिष्ठ पेडलर हे वर्गापुढे प्रयोग करून दाखविण्यात अत्यंत निष्णात. विलायतेची डॉक्टरी पदवी मिळविलेल्या रायांनी त्यांच्यापासून ही कला शिकून घेण्यात कमीपणा मानला नाही. वर्गात करावयाचा प्रयोग ते आधी स्वतः पुनःपुन्हा करून पाहत. शाळामास्तरास नोकरीपूर्वी अध्यापनाचे शिक्षण घ्यावे लागते, मात्र एम्. एस्सी. झालेला तरुण थेट कॉलेजच्या वर्गावर उभा राहतो, आणि त्याचा पाठ मागच्या बाकावर बसून पाहणारा क्वचितच कोणी भेटतो. आमच्या ज्ञातीतील जे तरुण ह्या मार्गाने जात आहेत, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

दुसरे असे की, रायांनी खालचे वर्ग कधीही कनिष्ठांच्या गळ्यात घातले नाहीत. नामवंत संशोधक झाल्यावरही पहिल्या वर्षाच्या मुलांना ते स्वतः शिकवीत. हाडाचा तुकडा जाळून त्याची राख ते वर्गात खुशाल तोंडात टाकीत व ती केवळ कॅल्शियम फॉस्फेट आहे हे मुलांना पटवीत, असे सांगतात. त्या काळी मुलांमध्ये केवढी कुजबूज झाली असेल! थोर रसायनज्ञांची चरित्रे आणि आपल्या नागार्जुनाची कथा ह्यांनी त्यांचे तास रंगत. अशाच वर्गांतून त्यांना त्यांचे शिष्य मिळाले. मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस हे त्यांच्याच वर्गात बसलेले. साहा हे खेड्यातील एका लहान दुकानदाराचे पुत्र. वसतिगृहात जातीवरून त्यांना हीन वागणूक सोसावी लागली. रायांच्या प्रयोगशाळेत मात्र असला भेद नव्हता. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे मुद्दाम लिहीत आहोत.

पदवीधर शिष्यांस तयार करण्याची त्यांची रीत साधी होती. ते दिवसभर त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेत काम करीत, प्रश्न सुचवीत, आणि विद्यार्थी चालू लागला की हात सोडून देत. ज्ञानचंद्र घोष ह्यांनी तीव्र विद्युत्-विच्छेद्य पदार्थांविषयीचा आपला सिद्धान्त १९१८ साली स्वतःच्या नावावर प्रसिद्ध केला. गुरूने त्यात आपले नाव घुसविले नाही. पुढे हे शिष्य देशभर पांगले. नीलरत्न धर १९१९ साली अलाहाबादेस गेले. घोष १९२१ साली नव्या ढाका विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्रमुख झाले व पुढे खरगपूरच्या आय. आय. टी.चे पहिले संचालक झाले. बिमानबिहारी डे मद्रासेस गेले, तर प्रियदारंजन राय कलकत्त्यातच राहिले. ह्यांच्या हाताखाली पुन्हा नवे शिक्षक तयार झाले.

१९१६ साली प्रेसिडेन्सी कॉलेज सोडून राय नव्या सायन्स कॉलेजात पालित प्राध्यापक झाले. हे पद भारतीयानेच भूषवावे अशी देणगीदार तारकनाथ पालित ह्यांची अट होती. साठी उलटल्यावर, १९२१ पासून १९३६ मध्ये निवृत्त होईपर्यंत, त्यांनी आपला पगार विद्यापीठाच्या रसायनविभागालाच देऊन टाकला. तशी त्यांची राहणी पूर्वीपासूनच विरक्त होती. नामदार गोखले ह्यांनी गांधीजींशी त्यांची ओळख करून दिली, तीच मुळी ८०० रुपये पगारातील अवघे ४० रुपये स्वतःसाठी ठेवणारा माणूस अशी. पूर व दुष्काळ ह्या प्रसंगी त्यांनी केलेली लोकसेवा सर्वश्रुत आहे; तिचा विस्तार येथे करीत नाही.

ते अविवाहित होते. सायन्स कॉलेजातीलच एका खोलीत ते राहत व काही गरीब विद्यार्थीही त्यांच्या आश्रयाला असत. १६ जून १९४४ रोजी त्याच ठिकाणी, शिष्यांच्या सान्निध्यात त्यांचा अंत झाला.