गवळणीच्या हातावरची देवी

दौंड तालुक्यात, भांडगावच्या परिसरात मी बँकेत अधिकारी होतो, तेव्हा अंगठा उठवणाऱ्या खातेदाराच्या अर्जावर ओळखीची खूण लिहावी लागे. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत ती बहुधा एकच असे, तोंडावर देवीचे व्रण. माझ्या पिढीच्या तोंडावर ते नाहीत. दंडावर टोचल्याची वाटोळी खूण तेवढी आहे. हा फरक ज्याच्यामुळे पडला, तो एडवर्ड जेन्नर खेड्यातला डॉक्टर होता.

इंग्लंडमधल्या बर्कली गावी १७४९ साली तो जन्मला. पाचव्या वर्षी आई-वडील दोघेही गेले. पुढे लंडनला जॉन हंटर या नामांकित सर्जनकडे तो शिकला. पण शहरात न राहता गावी परतला. कुक्कू पक्ष्याचे नुकतेच जन्मलेले पिलू परक्या घरट्यातली अंडी-पिले बाहेर ढकलते, हे त्याने पाहून लिहिले आणि रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. देवीचे काम त्यानंतरचे.

गाईच्या सडावरचे फोड हाताला लागलेल्या गवळणींना देवी येत नाहीत, हे गावात सर्वांना ठाऊक होते. बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने तर १७७४ सालीच घरच्यांना ते टोचले होते. जेन्नरने ते पारखून, लिहून जगापुढे मांडले. १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव त्याने माळ्याच्या आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला आणि जुलैमध्ये खऱ्या देवीचा. पोराला काही झाले नाही. झाले असते तर? परक्याच्या लेकरावर असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

लस त्याने गुपित ठेवली नाही. अंगणातल्या झोपडीत तो गरिबांना फुकट टोचत असे. व्हिएन्ना, बगदाद, बसरा करीत ती मुंबईला पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लागली. तिच्यापासून हातोहात ती पुढे पुण्यापर्यंत आली.

१८२३ साली जेन्नर वारला. विषाणू म्हणजे काय, हे त्याला कळणे शक्यच नव्हते. देवीचा रोग संपल्याचे १९८० साली जाहीर झाले. पण लशीतला विषाणू, व्हॅक्सिनिया, निवृत्त झाला नाही. १९८२ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या जनुकसाखळीत परके जनुक बसवून दाखवले. उघडे जनुक पेशीत सहजी शिरत नाही; विषाणूला मात्र वाट ठाऊक असते. म्हणून मानवी जनुक त्याच्यावर लादायचे आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत सोडायचे. मग पेशी त्या जनुकाचे प्रथिन बनवू लागते, आणि ते पेशीत कुठे जाते, काय करते, हे पाहता येते. परक्या घरट्यात आपले पोसून घ्यायची ही कुक्कूचीच रीत! अडचण एवढीच की व्हॅक्सिनिया शिरलेली पेशी एक-दोन दिवसांत मरते. जास्त काळ पाहायचे असेल तर रेट्रोव्हायरससारखे दुसरे वाहक घ्यावे लागतात.

भांडगावहून सोलापूर रस्त्याने पुण्याकडे निघालो की हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट आहे. २०२१ साली आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलेली कोविशील्ड तिथलीच. तिच्यात चिंपांझीचा, वाढू न शकणारा केलेला ॲडिनोव्हायरस करोनाचे एक जनुक वाहून नेत होता.