तुकोबारायांचे दिवाळे

श्रीतुकोबारायांची गाथा इंद्रायणीत बुडविली गेली आणि ती तरली, ही कथा लहान पोरालाही ठाऊक आहे. पण त्याच इंद्रायणीत महाराजांनी आधी आपल्या हाताने काही कागद बुडविले होते. ते मात्र तरले नाहीत. सज्जनहो, आज त्या कागदांची कथा सांगावयाची आहे.

महाराजांचा जन्म देहूचा, घर खाऊनपिऊन सुखी. घरी महाजनकी, व्यापार, सावकारी; आणि पूर्वज विश्वंभरबाबांपासून विठ्ठलाचे देऊळ. वडील बंधू सावजी विरक्त वृत्तीचे, म्हणून बोल्होबांनी प्रपंचाचा भार या मधल्या मुलावर घातला. वय तेव्हा अवघे तेरा वर्षांचे, असे परंपरा सांगते. पुढे आईबाप गेले. भावजय गेली, सावजी तीर्थाटनास निघून गेले. तशात इ. स. १६३० च्या सुमारास घोर दुष्काळ पडला. व्यापार बसला, दिवाळे निघाले. थोरली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली, पुत्र संतूही गेला. दुष्काळावर बोट दाखवून महाराजांना मोकळे होता आले असते. पण आपला व्यवहार तुटीत आला आणि त्याची लाज वाटली, हे त्यांनी अभंगांत उघड सांगितले आहे.

महाराज भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. इथवर आपल्यापैकी पुष्कळांची मजल जाते, बरे का! कर्ज झाले, घर सोडले, कपाळी बुक्का लावला आणि त्यालाच वैराग्य म्हटले. महाराजांचे तसे नव्हे. धाकटे बंधू कान्होबा शोधीत आले, तेव्हा महाराज खाली उतरले. इंद्रायणीकाठी लोकांकडील येण्याची खते मागविली आणि त्यांचे दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा कान्होबांच्या हाती दिला. भावाच्या लेकरांचा घास देऊन आपण उदार होणे हा धर्म नव्हे. स्वतःचा वाटा डोहात सोडला. आपली तूट नागवलेल्या कुळांकडून भरून काढता आली असती. ती त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. याचे नाव जबाबदारी.

मग बांधणी सुरू झाली, ती कुठून? वडिलार्जित देऊळ मोडकळीस आले होते, ते दुरुस्त केले. एकादशीला कीर्तन धरले. पण अभ्यास नव्हता, हेही त्यांनी झाकले नाही. भंडाऱ्यावर बसून संतवचने पाठ केली. दुसरा पुढे उभा राहून गाई, तेव्हा आपण मागे उभे राहून ध्रुपद धरले. ज्यांना पुढे जग जगद्गुरु म्हणणार होते, ते आधी टाळकरी झाले! नंतर माघ शुद्ध दशमीला बाबाजी चैतन्यांचा स्वप्नात अनुग्रह झाला.

गेलेली श्रीमंती परत आली नाही, हेही सांगितले पाहिजे. जिजाईंनी ओढगस्तीतच संसार रेटला. त्या माउलीचे ऋण आपण विसरू नये. पण प्रपंच मोडून पळालेला माणूस असे महाराजांना कोणी म्हणेल, तर त्याने चरित्र वाचलेच नाही. त्यांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी इ. स. १६८५ मध्ये पालखी सुरू केली. आपण तिच्यामागून चालतो, ते एका दिवाळे निघालेल्या वाण्याच्या मागून चालतो.

म्हणून ज्याचे काही बुडाले असेल, त्याने पंढरीस जरूर यावे. पण तोंड लपवायला येऊ नये. आपला वाटा आपण ओळखावा, दुसऱ्याचा त्याला द्यावा, आणि घरचे जे देऊळ मोडले असेल त्याचा पहिला दगड उचलावा. पुढे उभे राहण्याची घाई नको. मागे टाळ धरायला जागा पुष्कळ आहे.

रामकृष्ण हरि.