जावजी दादाजी : दोन रुपयांच्या नोकरीपासून ‘निर्णयसागर’पर्यंत

गोव्यातील जुन्या घरांच्या देवघरात लाल फडक्यात बांधलेली एखादी पोथी किंवा माळ्यावरच्या पेटीत जपलेला एखादा संस्कृत ग्रंथ आजही सापडतो. त्याचे मुखपृष्ठ उलटले की बहुधा एकच नाव दिसते : निर्णयसागर मुद्रणालय, मुंबई. हे नाव ठाऊक असलेले पुष्कळ आहेत. ज्याने ते उभे केले त्या जावजी दादाजी चौधरी यांचे चरित्र मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

छापखाना ही वस्तू गोव्याला नवी नव्हती. आशियातील पहिले मुद्रणयंत्र १५५६ साली जुन्या गोव्यातच उतरले. पण त्या यंत्राजवळ देवनागरीचे खिळे नव्हते. म्हणूनच फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत. भाषा होती, कवी होता, यंत्रही होते. नव्हती ती फक्त अक्षरे. ही उणीव पुरती भरून निघण्यास पुढे अडीचशे वर्षे लागली आणि ती भरून काढण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्यांत जावजींचे नाव अग्रभागी येते.

जावजींचा जन्म १८३९ साली मुंबईत एका गरीब ब्राह्मणेतर कुटुंबात झाला. शाळेचे शिक्षण बेताचेच झाले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. काम होते खिळे घासण्याचे आणि पगार दरमहा दोन रुपये. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या कडा खरखरीत असतात. त्या घासून सर्व खिळे एका उंचीचे व एका मापाचे केल्याखेरीज छपाई सारखी उठत नाही. हलके समजले जाणारे हे काम त्या मुलाने लक्षपूर्वक केले. त्या छापखान्याचे प्रमुख टॉमस ग्रॅहॅम हे देवनागरी टंक सुबक करण्यासाठी झटणारे जाणकार होते. धर्मप्रचाराची पुस्तके छापण्यासाठी उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यात जावजींना अक्षर घडविण्याचे शिक्षण मिळाले. पुढे ‘टाइम्स’च्या आणि ‘इंदुप्रकाश’च्या छापखान्यांत नोकरी करून त्यांनी ते पक्के केले.

देवनागरीचा खिळा घडविणे सोपे नव्हे. पोलादी पंचाच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, तो पंच तांब्यावर ठोकून मातृका तयार करायची आणि तिच्यात शिसे, कथील व अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतायचा, अशी ती रीत. रोमन लिपीचे काम थोड्या चिन्हांत भागते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे मिळून खिळ्यांची संख्या कित्येक शेकड्यांवर जाते. त्यातला एक जरी बेढब निघाला तरी सारी ओळ बिघडते.

१८६४ साली जावजींनी नोकरी सोडून मुंबईतच टाइप ओतण्याचा स्वतःचा लहानसा कारखाना काढला. त्यांना साथ लाभली राणोजी रावजी आरू या कसबी मित्राची. राणोजींनी अक्षरे कोरावीत आणि जावजींनी ओतकाम व व्यवहार सांभाळावा, अशी ही जोडी जमली. त्यांच्या खिळ्यांची वळणे इतकी डौलदार व स्वच्छ होती की इतर छापखानेही ते विकत घेऊ लागले. आपल्याजवळचे उत्तम अक्षर स्वतःपुरते राखून ठेवण्याऐवजी ते दुसऱ्या छापखान्यांना विकण्यावरच हा धंदा उभा राहिला. त्यामुळे एका कारखान्याच्या भरभराटीबरोबर सबंध मराठी मुद्रणाची पातळी वर गेली.

१८६९ साली त्यांनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्याच नावाचे पंचांग घरोघरी पोहोचले. छापील पंचांगाची वाट आधी गणपत कृष्णाजींनी पाडून दिली होती. छापण्याच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील धर्मग्रंथाला हात लावीत नसत, तेव्हा गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरून तो संशय दूर केला होता. जावजींपुढचा प्रश्न निराळा होता. आता लोक छापील पोथी घेत होते; पण तिच्यातला पाठ शुद्ध आहे, याची हमी कोणी द्यायची?

येथे त्यांच्या धंद्याची खरी कसोटी लागली. स्वतः जावजी संस्कृतचे पंडित नव्हते. ज्या ग्रंथांचे अध्ययन रूढीने त्यांच्यासारख्यांना नाकारले होते, तेच ग्रंथ ते छापणार होते. एखाद्या चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घामुळेही त्यांच्या अधिकाराबद्दल बोट दाखवले गेले असते. त्यांनी वाद घातला नाही. विद्वानांना छापखान्यात आणले. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली १८८६ पासून ‘काव्यमाला’ निघू लागली. हस्तलिखितांत पडून राहिलेली कितीतरी संस्कृत काव्ये व नाटके तिच्याद्वारे प्रथमच वाचकांच्या हाती आली. याच दोघांनी सिद्ध केलेली ‘कथासरित्सागरा’ची आवृत्ती १८८९ साली निघाली. हस्तलिखिते जमविणे, पाठ ताडून पाहणे आणि मुद्रिते शास्त्र्यांकडून तपासून घेणे, यांवरचा खर्च जावजींनी टाळला नाही. म्हणूनच निर्णयसागरची प्रत ही पाठशुद्धतेची खूण ठरली आणि काशीपासून युरोपातील विद्यापीठांपर्यंत ती विश्वासाने वापरली गेली.

मोठ्यांच्या ग्रंथांबरोबर त्यांनी मुलांकडेही पाहिले. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक १८८१ पासून निर्णयसागरातून निघू लागले. मुलांसाठी वेगळे मासिक ही त्या काळी धाडसाचीच गोष्ट होती. फायद्याची खात्री कोणालाच देता आली नसती. तरीही ओकांच्या हयातीत ते तीन दशकांहून अधिक काळ टिकले आणि मराठी मुलांच्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजींचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्नच्या आसपास. त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी कारभार पुढे नेला. काळबादेवीच्या परिसरातील २३, कोलभाट लेन हा छापखान्याचा पत्ता देशोदेशीच्या ग्रंथालयांतील पुस्तकांवर नोंदला गेला. ओतकाम, जुळणी, मुद्रितशोधन, छपाई आणि बांधणी यांवर त्या एका गल्लीत कारागिरांना व शास्त्र्यांना सारखेच काम मिळाले.

ज्या शहरात दोन रुपयांवर खिळे घासले, त्याच शहरात जावजींनी आपला कारखाना उभारला आणि आयुष्यभर तो तेथेच चालविला. पुढे यंत्रे बदलली, शिशाचे खिळे वितळवले गेले आणि अक्षरे पडद्यावर आली. पण देवघरातील ती जुनी पोथी उघडली की शंभर वर्षांपूर्वीचा ठसा अजून स्पष्ट वाचता येतो.