बाबासाहेबांची घरं पोरांना दाखवा

परमपूज्य बाबासाहेबांचा जन्म महूचा, १४ एप्रिल १८९१ चा. पण ते घडले मुंबईच्या परळमध्ये, आम्हा गिरणी कामगारांच्या वस्तीत. डबक चाळीत एकच खोली. चूल तिथंच, निजणं तिथंच, अभ्यासही तिथंच. सुभेदार रामजीबाबा भीमाला लवकर निजवायचे आणि रात्री दोनला अभ्यासाला उठवायचे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले.

पुढं परळच्याच बी.आय.टी. चाळीत, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत, १९१२ ते १९३४ संसार झाला. अमेरिका, लंडनचं शिक्षण घेऊन ते याच चाळीत परतले. १९२७ चा महाडचा सत्याग्रह झाला तेव्हा घर हेच! विद्यार्थी असताना लंडनला ते ज्या घरात राहिले, ते महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली विकत घेतलं.

चाळीत ग्रंथ मावेनात, म्हणून दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं. मगधाच्या राजधानीचं नाव दिलं. तिथंच २७ मे १९३५ ला माता रमाई गेल्या. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत महापरिनिर्वाण झालं. अंत्ययात्रा राजगृहावरूनच निघाली.

दरवर्षी आपण धर्माबादहून रेल्वेनं चैत्यभूमीला जातो, वंदन करून माघारी फिरतो. बंधू-भगिनींनो, राजगृह दादरमध्येच आहे, परळची चाळही लांब नाही. पोरांना तिथं न्या. घर लहान म्हणून अभ्यास होत नाही, असं मग कोणी म्हणणार नाही.

जयभीम!